दहा अल्बम निवडायचे, पण कसे?

मागच्या अंकात वाचकांना कायमचे आवडते दहा अल्बम लिहून पाठवायला सांगितलं होतं. याद्या आल्याच, पण त्यांच्यासोबत प्रश्नही आले. खानदेशातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

माझ्या यादीत सगळी सुटी गाणीच येतात. अल्बम नेमका कशाला म्हणायचं? गीतरामायण चालेल का? जुन्या सिनेमांची गाणी? आणि ‘शोले’च्या संवादांची तबकडी? (अमळनेर)

आधी शब्दाचं पाहू. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. मोठी रचना असली की चार-सहा तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या, आत कागदी पिशव्या शिवलेल्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून विकत. नाव तिथून आलं. १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली, आणि पहिलं कोणतं, बाजू उलटल्यावर कोणतं, शेवट कशाने करायचा, हे कुणीतरी बसून ठरवू लागलं. आमची कसोटी तीच: गाण्यांचा क्रम कुणी ठरवला होता का, आणि तो बदलला तर काही बिघडतं का?

त्या कसोटीवर ‘निवडक’, ‘सुवर्णगीते’ असले संग्रह बाद. पन्नाशीच्या दशकातल्या सिनेमांची गाणी आधी ७८च्या तबकड्यांवर, एका तबकडीवर दोन, अशी निघाली. त्यांच्या एलपी नंतर जुळवल्या गेल्या. तिथला क्रम संगीतकाराचा असेलच असं नाही, म्हणून असा सिनेमा यादीत घेताना जरा विचार करा. गीतरामायण तर तबकडीसाठी झालंच नव्हतं. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत, अशी ती छप्पन गीतं. पण क्रम हाच त्याचा कणा आहे, तेव्हा बेलाशक घ्या. फक्त छप्पनही क्रमाने ऐका. ओळखीची आठ ऐकून गीतरामायण लिहू नका. संवादांची तबकडी मजेची आहे, पण ती वेगळ्या कागदावर.

दहा नावं लिहिली तर नऊ कॉलेजच्या दिवसांतली निघाली. दहावं शास्त्रीय टाकलं, कारण नाही टाकलं तर बरं दिसत नाही. खरी आवड कशी ओळखावी? (भुसावळ)

बरं दिसावं म्हणून टाकलेलं आधी खोडा.

मग एक वही घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पंधरा मिनिटांत आठवतील तेवढे अल्बम लिहा. पंचवीस ते चाळीस नावं येतात. पंधराच्या आत अडलात तर यादी करायची घाई झाली आहे, आधी आणखी ऐका. आठवडाभर वही मिटून ठेवा. त्यानंतर रोज एक अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. संपल्यावर तीनच गोष्टी टिपायच्या: कोणतं गाणं पुढे ढकलावंसं वाटलं, कितव्या मिनिटाला हात फोनकडे गेला, आणि गेल्या वर्षभरात हा अल्बम कुणी न सांगता आपण होऊन लावला होता का. आठ गाण्यांत दोन ढकलावीशी वाटली तर ते चांगल्या गाण्यांचं गाठोडं आहे, अल्बम नाही. उरलेल्यांची दुसरी फेरी तीन आठवड्यांनी करा. एकाच आठवड्यात दोनदा ऐकलं तर पहिल्या वेळची चव तोंडात असते आणि दुसरं मत पहिल्याचीच नक्कल होतं.

कॉलेजच्या दिवसांसाठी एक उपाय. प्रत्येक नावापुढे पहिली जी ओळ सुचेल ती लिहा. ‘एस.टी. स्टँडवरची टपरी’ अशी ओळ आली आणि गाण्याबद्दल काहीच सुचलं नाही, तर तो अल्बम त्या टपरीच्या जोरावर उभा आहे. आठवण खरी आहे, पण ती वेगळ्या यादीत ठेवा. ‘दुसऱ्या कडव्याआधी सारंगी एकटी पडते’ अशी ओळ आली, तर तो मुक्कामाला राहणार.

कशावर ऐकता त्यानेही निकाल फिरतो. फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा घुमणारा बायाँ गायब आणि उजव्याच्या काठावरची, चाटेची नुसती टकटक उरते. मग तबल्याच्या साथीवर उभा असलेला अल्बम पोकळ वाटतो आणि वरच्या सुरांच्या झंकाराचा अल्बम भाव खातो. साधे, तारेचे इयरफोन असले तरी चालतील, पण सगळे अल्बम एकाच साधनावर ऐका.

आणि क्रम मोडू नका. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पाहा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस अशी कल्पना, म्हणून सुरुवात पहाटेच्या अहीर भैरव रागाने होते, आणि पिलू, भूप, देस करत शेवट पहाडीवर. हेच फोनने आपल्या मर्जीने उलटसुलट वाजवलं की संध्याकाळ आधी आणि पहाट नंतर. वाजवणारे तेच, सूर तेच, आणि तरी अल्बम हरवलेला. असं ऐकून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांची काही चूक नाही; त्यांनी तो ऐकलेलाच नसतो.

आम्ही दोघं भाऊ. एकच यादी करायची तर पहिल्या नंबरावरच भांडण. क्रमांक लावायची काही रीत? (शिरपूर)

दोन-दोन अल्बमांची जोडी लावून निवडायची, ही रीत उत्तम; पण दहांसाठी ४५ जोड्या होतात आणि वीस घेतले तर १९०. त्यापेक्षा लावलेल्या यादीत नवीन नाव घुसवा: आधी मधल्या नावाशी तुलना, वर गेलं तर वरच्या अर्ध्याच्या मधल्याशी, खाली गेलं तर खालच्या. दहांच्या यादीत अकराव्या नावाची जागा फार तर चार तुलनांत ठरते. प्रश्न मात्र दर वेळी एकच हवा, नाहीतर ‘अ’ला ‘ब’पेक्षा, ‘ब’ला ‘क’पेक्षा आणि ‘क’ला ‘अ’पेक्षा वर ठेवून मोकळे व्हाल. आमचा प्रश्न: पुढची पाच वर्षं या दोनपैकी एकच ऐकायला मिळणार, कोणता ठेवू? तिसऱ्या क्रमांकाच्या पुढे तेवढीही मेहनत करू नका. सातवा आणि आठवा यांतला फरक पावसावर ठरतो.

दोघांची एक यादी करताना गुणांची सरासरी काढू नका. सरासरीत जे कुणालाच खुपत नाही ते वर येतं आणि ज्याच्यासाठी एकजण जीव टाकतो ते पडतं. त्यापेक्षा चार जागा दादाच्या, चार धाकट्याच्या, त्यांवर दुसऱ्याने हरकत घ्यायची नाही. उरलेल्या दोन एकमताने. दोनांवर एकमत झालं नाही तर आठ पाठवा, चालेल.

जी कॅसेट ऐकत मोठा झालो तोच अल्बम फोनवर लावला तर सूर उतरल्यासारखा वाटतो. आवाज मात्र मोठा आणि स्वच्छ. कोणता खरा? (चोपडा)

बहुतेक फोनवरचा सूर खरा. स्वस्तातल्या टेपरेकॉर्डरची मोटर बऱ्याचदा थोडी जलद असायची, आणि गती तीन टक्के वाढली की सूर पाव स्वराने चढतो. तुमच्या कानाने तोच चढलेला सूर धरून ठेवला आहे. उलट, जुन्या टेपचा पट्टा सैल पडला की गती उतरते.

मात्र फोनवर तोच अल्बम आहे ना, हे आधी तपासा. ऐंशीच्या दशकात ‘व्हर्जन’ कॅसेटी निघाल्या, त्यात जुनीच गाणी दुसऱ्या गळ्यांनी गायलेली. नंतर जुन्या गाण्यांखाली नवीन ठेका घालून निघालेल्या आवृत्त्याही आहेत. गायकाचं नाव, गाण्यांची संख्या आणि प्रत्येकाची मिनिटं कॅसेटच्या कव्हरशी जुळवा. सीडीत ७४ मिनिटं मावत असल्याने पुष्कळ अल्बमांना शेपूट म्हणून जादा गाणी जोडलेली असतात. मूळ शेवट कुठे आहे ते पाहून तिथे थांबा.

मोठ्या आवाजाचा फसवा मुद्दा आहे. किंचित मोठं वाजणारं कानाला नेहमी चांगलं वाटतं. दोन आवृत्त्यांची तुलना करताना जी मोठी वाजते तिचा आवाज खाली आणा, मग निवाडा करा. ॲपमध्ये शफल बंद, ऑटोप्ले बंद, एका गाण्यात दुसरं मिसळणारा क्रॉसफेड शून्य सेकंद, आणि आवाज समान ठेवणारी सोय चालू. एवढं एकदाच करावं लागतं.

वडिलांच्या पेटीत अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी आहेत, कानबाईच्या, आखाजीच्या, लग्नाच्या. मित्र म्हणतो, “हाई अल्बम शे का?” (हा अल्बम आहे का?) शिवाय काही वाजतात पण आवाज उशीत तोंड घातल्यासारखा. साल कुठेच छापलेलं नाही. (शहादा)

शे! दोन बाजू आहेत, क्रम आहे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, माहेरच्या झोक्यापासून सासरी परत निघण्यापर्यंत गाणी लावली असतील तर तो अल्बमच आहे. नावाजलेल्या अल्बमांना जपणारे पुष्कळ आहेत. तुमच्या पेटीतली एखादी कॅसेट मात्र कदाचित दुसरीकडे कुठेच उरलेली नसेल. यादी राहू द्या, आधी या उतरवून घ्या.

वाजवण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर उजेड पाडा. पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. अशी कॅसेट टेपात घालू नका, बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एका जागी बसलेली फीत चिकटून असते. थेट वाजवली की टेप ती खातो. ९० मिनिटांची फीत ६० पेक्षा पातळ, तिला जास्त जपा.

आवाज दबका येण्याची कारणं तीन, आणि ती याच क्रमाने तपासा. हेडवर तपकिरी थर बसलेला असेल, तर कापूसकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसा. रबरी रोलरला मात्र ओलसर फडकं पुरे. दुसरं, कॅसेटच्या खालच्या उघड्या बाजूला मधोमध पातळ पट्टीवर चिकटवलेला लोकरी तुकडा असतो. तोच फितीला हेडवर दाबतो. गोंद सुकून तो गळून पडतो. फुकट गेलेल्या कॅसेटमधून पट्टीसकट काढून बसवा. पाच स्क्रूची कॅसेट उघडते. बिनस्क्रूची चिकटवलेली असते, तिच्या फितीची दोन्ही चाकं स्क्रू असलेल्या कॅसेटच्या रिकाम्या कवचात हलवावी लागतात. तिसरं कारण, हेड तिरकं. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. झांजांचा भाग लावून तो पाव-पाव फेरा फिरवा, झांज सर्वांत लख्ख वाजेल तिथे थांबा. तुटलेल्या फितीची टोकं तिरकी कापून एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका, आणि हेडकडे असते त्याच्या उलट बाजूने जोडपट्टी लावा. घरातला सेलोटेप नको. त्याचा गोंद आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटवतो.

उतरवताना टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला. लॅपटॉपचं भोक बहुतेक वेळा माइकसाठी असतं: डाव्या-उजव्या आवाजांतला एकच घेतं आणि आवाज फाटतो. लाइन-इन, म्हणजे टेपसारख्या साधनाचा आवाज घेणारं भोक असलेलं छोटं यूएसबी साउंडकार्ड घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं; फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मिनिटाला सुमारे दहा एमबी, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. खरखर काढायचा मोह आवरा, मूळ प्रत आहे तशी ठेवा. खरखरीसोबत चिपळ्याही जातात.

सालासाठी कव्हर उलटून पाहा. दुकानाचा फोन नंबर किती आकडी आहे? जितके आकडे कमी तितकी कॅसेट जुनी. दुसरी खूण चाली: अहिराणी गाण्यांना गाजलेल्या हिंदी चाली सर्रास लावलेल्या असतात. ओळखू आलेल्या चालींतली सर्वांत नवी चाल ज्या वर्षी बाहेर आली, कॅसेट त्याच्या आधीची असू शकत नाही.

मे महिन्यात माळ्यावर ठेवलेल्या एलपी पापडासारख्या वळल्या. सरळ होतील का? धुवायच्या कशाने? (जळगाव)

एलपी म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसीचा पाइप उन्हात टाकला की कसा वाकतो हे जळगावात सांगायला नको. पत्र्याखालचा माळा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ तापतो, आणि साठ अंशांच्या आसपास एलपी मऊ पडते. दोन काचांत दाबून उन्हात ठेवायचा सल्ला ऐकू नका. तबकडी सपाट होते, पण खाचाही सपाट होतात. सुई न उडता वाजत असेल तर आहे तशी वाजवा. पुढे खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या दबतात, तिरक्या ठेवल्या तर वळतात.

जिनिंगच्या मोसमातली बारीक रुई आणि धूळ आधी मऊ ब्रशने, खाचेच्या दिशेने गोल फिरवून काढा. मग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, लिटरमागे भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ सुती कापड. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने एकदा. मधलं लेबल कोरडं ठेवा. नळाचं जड पाणी वाळलं की क्षार खाचेत बसतात आणि तडतड वाढते. पेटीत ७८च्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ७८ची लोखंडी पिनही एलपीवर टेकवू नका. एका फेरीत खाच नांगरून निघते.