ऊसतोड कामगारांचं काम आणि आरोग्य यांचं सर्वेक्षण करायचं तर कुठे, कधी आणि कसं विचारावं?

बीडपासून सुरुवात करा, पण पावसाळ्यात. दिवाळीच्या सुमारास माणसं कारखान्यांकडे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. गावात फक्त म्हातारी आणि पोरं भेटतात. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, गेलात तर मुकादमासमोर (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारासमोर) कुणी खरं बोलत नाही, कारण उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्याच्याकडून घेतलेली असते. तिथे संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांवर, जा. बाई चूल पेटवताना बोलते, तेही बाईनेच विचारलं तर.

सगळ्यात महत्त्वाचं: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशेब पुरुषाच्या नावावर. म्हणून बाईची मुलाखत वेगळी घ्याच. उचल किती, फिटली किती, खाड्याचे (कामावर न गेलेल्या दिवसांचे) पैसे किती कापले, पाळीच्या दिवसांत काय करता, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढताना कुणी पडलं का, हे विचारा. ‘पिशवी (गर्भाशय) काढली का’ एवढ्यावर थांबू नका. कितव्या वर्षी, कुणाच्या सल्ल्याने, पैसे कुठून आणले, तेही विचारा. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत बीडमधल्या सुमारे 82 हजार महिला कामगारांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं होतं.

नावं मात्र फॉर्मवर लिहू नका. मुकादमापर्यंत कागद पोचला तर पुढच्या हंगामाची उचल अडते.