पाटी कोरी झाली नव्हती

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला वाचा बसली, आणि बाहेर पडल्यावर जिना उतरता उतरता सगळं उत्तर ओळीने आठवलं, असं लिहिलं आहेस. त्याखालचं ‘मला काहीच येत नाही’ हे वाक्य मात्र मला मान्य नाही. जिन्यात आठवलं म्हणजे ते डोक्यात होतंच. अडलं ते बाहेर येताना.

भीती वाटली की क्षणात अॅड्रिनॅलिन धावतं, छाती धडधडते. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मागाहून येतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला, तिथून मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो. कॉर्टिसॉल शिगेला पोहोचायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. ते मेंदूत शिरतं. आठवणींशी ज्याचा जवळचा संबंध, त्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात कॉर्टिसॉलला धरणारे दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे-पेशींतले ग्राहक रेणू, आहेत. मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची पकड सुमारे १० पट घट्ट, त्यामुळे रोजच्या कॉर्टिसॉलनेच ते बरेचसे भरलेले असतात. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची पकड सैल. पातळी चढली की मग ते भरत जातात. ते भरले की समोर घडतंय ते पक्कं नोंदवण्याकडे मेंदूचा कल होतो आणि जुनं शोधून काढणं मागे पडतं. परीक्षकांच्या कपाळावरची आठीसुद्धा तुला अजून लख्ख दिसते ना? ती याच वेळी नोंदली गेली.

१९९८ साली डी क्वेर्व्हॅन, रूझेंडाल आणि मॅगॉ या संशोधकांनी केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. उंदरांना पाण्याखाली दडलेला चौथरा शोधायला शिकवलं, मग चाचणीआधी पायांना विजेचा सौम्य झटका दिला. झटका २ मिनिटं आधी दिला किंवा ४ तास आधी दिला, तर फरक पडला नाही. ३० मिनिटं आधी दिला, तेव्हा मात्र जागा आठवेना. उंदरांमधलं कॉर्टिसॉलसारखं संप्रेरक औषधाने बनूच दिलं नाही, तर हा गोंधळ टळला. दोन वर्षांनी माणसांना कॉर्टिसोनची (शरीरात जिचं कॉर्टिसॉल होतं ती) गोळी देऊन पाहिलं: आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवण्याआधी तासभर दिली तर शब्द कमी आठवले, शिकताना दिली तर नाही.

म्हणून परीक्षेआधीचा अर्धा-पाऊण तास जप. दाराबाहेर ‘हे वाचलंस का, ते विचारतात म्हणे’ करणाऱ्या घोळक्यात उभं राहू नकोस. आठवणं अडवण्याचं काम कॉर्टिसॉल एकटं करत नाही, अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांशी जोडलेल्या भागातल्या नॉरअॅड्रिनॅलिनची, म्हणजे अॅड्रिनॅलिनच्या जवळच्या रसायनाची, साथ त्याला लागते. तेव्हा धडधड जितकी उतरेल तितकं बरं. सावकाश चाल, श्वास लांबव. कुणी सांगितलेल्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नकोस.

खरा भर अभ्यासाच्या पद्धतीवर दे. तू पुन्हा पुन्हा वाचतेस, आणि वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. पुस्तक मिटून आठवणं हे वेगळं काम आहे, त्याचा वेगळा सराव लागतो. २०१६ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगात, असं आठवून आठवून शिकलेल्यांची स्मृती ताणाखालीही ढळली नाही; नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांची ढळली.

पुढच्या परीक्षेला सहा आठवडे आहेत. दर रविवारी माझ्याकडे ये. वही घरी ठेवून ये, उभं राहून उत्तरं द्यायची. मी मधेच अडवणार आहे.

तुझी,
बाई