पीएलसीचं सॉफ्टवेअर आणि रात्रपाळीचा माणूस : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं पीएलसीच्या, म्हणजे कारखान्यातलं मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरबद्दल आहेत, म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय.

प्रश्न : मॅडम, मी चाकणला मेंटेनन्सला आहे, डिप्लोमा इलेक्ट्रिकल. रात्री मशीन अडकलं म्हणून लॅपटॉप लावून पीएलसीतून प्रोग्राम वाचून घेतला, तर सगळीकडे नुसतं एक्स४, एम१५, डी२००, नाव नाही की काही नाही. दीड तास बसलो तरी कळेना. इनचार्ज म्हणाले तुला लॅडर येत नाही. खरंच माझंच चुकतंय का?

उत्तर : नाही, तुमचं काहीच चुकलेलं नाही. हे आधी सांगते कारण तुमच्यासारखी बरीच पोरं मी बघितलीयत, ज्यांना लॅडर (पीएलसीची शिडीसारख्या चित्रातली भाषा) चांगलं येतं पण समोर दुसऱ्याचा प्रोग्राम नावांशिवाय आला की स्वतःवरचा विश्वास जातो.

झालंय असं, की मशीन मेकरने प्रोग्राम लिहिताना नावं आणि कॉमेंट दिल्याही असतील, पण त्या राहिल्या त्याच्या लॅपटॉपवरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये. पीएलसीत गेलं फक्त लॉजिक, म्हणून तुम्हाला दिसतात नुसते ॲड्रेस : एक्स म्हणजे इनपुट, वाय आउटपुट, एम आतली चालू-बंद खूण, डी आकडा ठेवायची जागा. मित्सुबिशीच्या एफएक्स१एन सारख्या छोट्या पीएलसीत सगळी मिळून ८००० स्टेप्सची, म्हणजे छोट्या सूचनांची, जागा, त्यातच कॉमेंटही बसवायच्या, मग कोण बसवतं. सिमेन्सच्या एस७-३०० वरून जुन्या स्टेप ७ सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम परत घेतला तरी सिम्बॉल (ॲड्रेसना दिलेली नावं) आणि कॉमेंट येत नाहीत. नवीन एस७-१२०० आणि १५०० मध्ये ती पीएलसीतच राहतात, ॲलन ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक्समध्येही टॅगची, म्हणजे सिग्नलना दिलेली, नावं कंट्रोलरमध्येच असतात, म्हणजे बघा, करायचं म्हटलं की जमतं. मेमरी महाग होती तेव्हाचं समजू शकते मी, पण त्या काळाची मशीन आज तुमच्या शॉपवर चालू आहेत आणि त्याचा त्रास तुम्हाला होतोय, प्रोग्राम लिहिणाऱ्याला नाही.

त्यात ॲड्रेसिंगची गंमत वेगळीच. एफएक्समध्ये इनपुट ऑक्टलमध्ये (फक्त ० ते ७ आकड्यांत) मोजतात, एक्स७ नंतर थेट एक्स१०, एक्स८ आणि एक्स९ नसतातच. सिमेन्सकडे एमडब्ल्यू म्हणजे मेमरीतले दोन बाइट; एमडब्ल्यू१० आणि एमडब्ल्यू११ वेगवेगळे वाटतात पण दोघांत एमबी११ हा बाइट सामाईक असतो, एकात लिहिलं की दुसरा बिघडतो. हे कळायला माणसाला एकदा तरी ठेच लागतेच.

आता करायचं काय ते. मशीनवर काम चालू नसेल त्या दिवशी, हवा आणि पॉवरची काळजी घेऊन, एकेक लिमिट स्विच हाताने दाबा, एकेक प्रॉक्झिमिटीसमोर लोखंडाचा तुकडा धरा आणि पीएलसीवर कुठली एलईडी लागते ते वहीत लिहा. ड्रॉइंग असेल तर त्याच्याशी जुळवा. मग आउटपुटपासून उलटं चला : समजा वाय५ हा क्लॅम्पचा व्हॉल्व्ह आहे, तर क्रॉस रेफरन्स (कुठला ॲड्रेस कुठे वापरलाय त्याची यादी) काढून वाय५ कुठे ऑन होतो ती ओळ बघा, तिच्यात एम१५ आहे, मग एम१५ कुठे ऑन होतो ते बघा. जे कळेल त्याला तिथल्या तिथे नाव द्या आणि फाइल सेव्ह करा. दोन रविवार लागतील, पण पुढच्या ब्रेकडाऊनला दीड तास लागणार नाही.

आणि तुमच्या इनचार्ज साहेबांना माझ्यातर्फे एक सांगा, पुढचं मशीन घेताना पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहून टाका की कॉमेंटसहित मूळ प्रोजेक्ट फाइल, एचएमआयची (ऑपरेटरच्या स्क्रीनची) फाइल आणि पासवर्ड मिळाल्याशिवाय शेवटचं पेमेंट नाही. मशीन एकदा आलं आणि पैसे गेले की नंतर फोन कोण उचलत नाही.

प्रश्न : मी सांगलीत शिकतोय. लॅडर जुनाट आहे, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (ओळींत लिहायची भाषा) शीक असं सीनियर म्हणतात. काय करू?

उत्तर : दोन्ही शिका, पण लॅडरला जुनाट म्हणू नका. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिले (विजेवर चालणारे स्विच) पॅनलला पर्याय हवा होता, कारण गाडीचं मॉडेल बदललं की अख्ख्या पॅनलचं वायरिंग परत करावं लागायचं. डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ हा पीएलसी बनवला, ०८४ कारण तो त्यांचा ८४ वा प्रोजेक्ट. कॉम्प्युटरची भाषा शिकवत बसण्यापेक्षा इलेक्ट्रिशियन जे रिलेचं ड्रॉइंग रोज वाचतो तेच प्रोग्रामिंगला दिलं, की आपलं ड्रॉइंग समजून तो कामाला लागतो. वापरणाऱ्याचा विचार म्हणतात तो हाच, आणि माझ्या मते या धंद्यात त्याच्यापेक्षा मोठा निर्णय नंतर कुणी घेतला नाही.

आयईसी ६११३१-३ या पीएलसीच्या भाषांच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये १९९३ पासून ५ भाषा होत्या. त्यातली इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीत बाद करायची ठरली आणि २०२५ च्या आवृत्तीतून काढूनच टाकली, तिच्यात वेळ घालवू नका. हिशोब, रेसिपी, लूप असेल तिथे स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इंटरलॉक (एक अट पूर्ण नसेल तर दुसरं चालू न होऊ देणं) आणि मोटर चालू-बंद असेल तिथे लॅडर, कारण रात्री तेच कुणालातरी ऑनलाइन बघायचंय. सरावाला कोडेसिस हे पीएलसीचं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, सिम्युलेशनही त्यातच आहे.

प्रश्न : आउटपुटच्या आधीच्या सगळ्या कंडिशन हिरव्या दिसतात तरी आउटपुट लागत नाही. कार्ड खराब आहे का?

उत्तर : कार्ड बदलायच्या आधी तोच आउटपुट खाली अजून कुठे लिहिलाय का ते शोधा. पीएलसी वरून खाली स्कॅन करतो, एकच कॉइल (आउटपुट लिहिण्याची खूण) दोनदा असेल तर शेवटची ओळ जिंकते. सॉफ्टवेअरमध्ये हे तपासायची सोय बऱ्याचदा असते पण ती मेनूत लपलेली, स्वतःहून चालवावी लागते. टाइप करतानाच लाल रेघ यायला हवी होती.

प्रश्न : छोटा बदल डाउनलोड करताना मशीन थांबेल की नाही हे कसं ओळखायचं? भीती वाटते.

उत्तर : भीती वाटते ते बरंच आहे. माझ्याबरोबर झालंय हे. एका कारखान्यात टायमर २ सेकंदांनी वाढवायचा होता फक्त, डाउनलोड दाबलं, भलीमोठी खिडकी आली, त्यात सात-आठ ओळी, सगळ्यांना सारखंच अक्षर, सारखाच रंग, आणि त्यातच एका ओळीत सीपीयू, म्हणजे पीएलसीचा मेंदू, स्टॉप होणार असं लिहिलेलं. ओके दाबलं. सगळे आउटपुट पडले, क्लॅम्प सुटला आणि जॉब (मशीनवर धरलेला पार्ट) खाली आला. कुणाला लागलं नाही, पण जॉब पडल्याचा आवाज अजून कानात आहे. ऑपरेटर अर्धं पाऊल पुढे असता तर, हा विचार आजही मनातून जात नाही. ज्या ओळीने माणसाला इजा होऊ शकते ती ओळ बाकीच्या ओळींसारखी दिसता कामा नये, हे मी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या लोकांना भेटेल तिथे सांगते.

तुम्ही नियम ठेवा : माणूस मशीनमध्ये असताना डाउनलोड नाही. टायमरची व्हॅल्यू नुसती बदलायची असेल तर ती डेटा रजिस्टरमध्ये ठेवून एचएमआयवरून बदला, डाउनलोडची गरजच पडत नाही. आणि आधीच्या प्रोग्रामची कॉपी तारखेसकट बाजूला ठेवा. सिमेन्सच्या टीआयए पोर्टलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तर ती कॉपी व्हर्जन नंबरसकट ठेवा, कारण नवीन व्हर्जनमध्ये अपग्रेड करून सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही. म्हणून बरेच जण प्रत्येक व्हर्जनची वेगळी व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा वेगळा कॉम्प्युटर) ठेवतात, तुम्हीही ठेवा.

प्रश्न : कॉमेंट मराठीत लिहिल्या तर चालतं का? लोक हसतात.

उत्तर : हसू द्या, आणि लिहा. टॅगची नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा, तिथे देवनागरी बहुतेक ठिकाणी घेत नाही. कॉमेंटमध्ये नवीन सॉफ्टवेअर बऱ्याचदा घेतं, जुन्यात प्रश्नचिन्हं दिसतात, म्हणून आधी एक ओळ लिहून, सेव्ह करून, दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा. नाही जमलं तर रोमनमध्ये मराठी लिहा. आणि कॉमेंटमध्ये ‘टायमर १२’ असं नका लिहू, ते स्क्रीनवर दिसतंच. लिहा की ‘हा टायमर कमी करू नका, हिवाळ्यात दरवाजा पूर्ण लागायला ३ सेकंद लागतात.’