एकोणसत्तराव्या वर्षी पहिले पुस्तक

प्रश्न : मी आरोग्य उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. आज माझे वय ६९ आहे. वाड्यावस्त्यांवर केलेल्या बाळंतपणांच्या आठवणी मी चार दोनशेपानी वह्यांत लिहून काढल्या आहेत. त्यातल्या एका पानाची नक्कल सोबत पाठवत आहे. एका प्रकाशकांनी ६० हजार रुपये भरल्यास ५०० प्रती छापून देतो असे सांगितले असून कराराचा कागदही पाठवला आहे. या वयात हा खटाटोप कशाला, असे घरचे म्हणतात. मला मात्र हातपाय चालताहेत तोवर पुस्तक हातात घ्यायचे आहे. सही करावी का?
– एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : ताई, सही तूर्त करू नका. पुस्तक मात्र अवश्य करा.

घरच्यांना सांगा की १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती आणि त्यांची अक्षरओळखही लग्नानंतरची होती. फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड वर्षानुवर्षे लिहिले. ते लेखन आधी 'स्त्री' मासिकातून वाचकांपर्यंत गेले आणि 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले, तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. दोघींकडे सांगण्यासारखे होते ते त्यांनी जगलेल्या वर्षांमुळेच. तुमच्याकडेही तेच आहे. मला धास्ती वाटते ती "आता वेळ कमी आहे" या भावनेपोटी होणाऱ्या घाईची, कारण त्याच घाईत माणूस न वाचता सही करतो.

तुमचे पान मी तीनदा वाचले. सुरुवातीच्या आठ ओळी मातृत्वाच्या थोरवीवर आहेत. त्या कोणीही लिहिल्या असत्या. नववी ओळ अशी : "ओढ्याला पाणी आलं होतं म्हणून गड्यांनी मला खाटेवर बसवून पलीकडं नेलं, पेटी मी डोक्यावर धरली होती, कारण धागा आणि ब्लेड भिजलं असतं तर माझ्या जाण्याला अर्थच नव्हता." ही ओळ दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. त्या आठ ओळी काढा आणि प्रकरण ओढ्यापासून सुरू करा. चारही वह्या याच नजरेने एकदा वाचून काढा. चारांच्या दोन झाल्या तरी हळहळू नका. त्यानंतरच अक्षरजुळणीला द्या, ती युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर उघडता येईल अशा अक्षरपद्धतीत, करून घ्या आणि फाइलची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मूळ वह्या कोणाच्याही हाती देऊ नका.

या वाचनात आणखी एक गोष्ट पाहायची आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्या बायकांनी तुम्हाला घरात घेतले, त्यांनी ते एका नर्सबाईंवरच्या विश्वासाने घेतले होते. लहान गावात नाव बदलून भागत नाही. वस्ती, साल आणि सासरचे काम एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. ज्यांना विचारणे शक्य आहे त्यांना जाऊन विचारा, आणि जिथे ते शक्य नाही तिथे ओळख पटणार नाही इतके तपशील बदला.

आता पैशांचे आणि कराराचे. स्वतः खर्च करून पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, परंतु ६० हजारांत नेमके काय मिळणार ते लेखी घ्या : किती फर्मे (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे), कोणता कागद, संपादन व मुद्रितशोधन कोण करणार, ५०० पैकी किती प्रती तुमच्या घरी येणार आणि उरलेल्या कोण विकणार. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, यासाठी वेगळी रक्कम लावली असेल तर कारण विचारा, कारण आपल्या देशात तो सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो.

लिहिताक्षणीच लेखनाचा कॉपीराइट तुमचा झालेला आहे. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. म्हणून "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे" असे वाक्य दिसले तर ते खोडून घ्या. खोडायला नकार मिळाला तर तो कागद परत पाठवा. हा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो आणि वारसांकडे जातो. तेव्हा घर-जमिनीबरोबर मृत्युपत्रात पुस्तकाचाही उल्लेख करा.

पैसे न भरताही वाट आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. मंडळाचे निवेदन निघाले की अटी नीट वाचून हस्तलिखित पाठवा. त्याआधी ओढ्याचे ते प्रकरण दोन हजार शब्दांत बसवून एखाद्या दिवाळी अंकाकडे धाडा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या तोंडीच सुरू होते, म्हणून मे अखेरपर्यंत ते पोस्टात पडलेले बरे. सोबत पत्रात वयाबद्दल दिलगिरीची एकही ओळ लिहू नका. ३१ वर्षे आरोग्यसेविका होते, एवढेच लिहा.