वाचक विचारतात : मेंढ्यांच्या पायाखालचं रोमन शहर

प्रश्न : जुलैमध्ये लेकीकडे इंग्लंडला, नॉरिचला गेलो होतो. तिने हौसेने केस्टर सेंट एडमंड नावाच्या खेड्यात नेलं, म्हणाली इथे अख्खं रोमन शहर आहे. बघतो तर काय, कुरण, मेंढ्या आणि कडेने पडक्या भिंती. मग लेकीने मोबाइलवर १९२८ चा विमानातून काढलेला फोटो दाखवला, त्यात रस्ते दिसतात, अगदी बुद्धिबळाच्या पटासारखे. आमच्या ह्यांचं म्हणणं, कोणीतरी पट्टी घेऊन रेघा मारल्यात. खरं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रेघा बार्लीने मारल्यात, ह्यांना सांगा.

तो फोटो २० जुलै १९२८ चा. त्या वर्षी तिकडे उन्हाळा भयंकर कोरडा गेला होता, आणि रॉयल एअर फोर्सचं एक विमान या शेतावरून फोटो काढत गेलं, तर खाली बार्लीच्या पिकात फिक्या पिवळ्या सरळ सरळ रेघा, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या. पुढच्या वर्षी लंडनच्या टाइम्समध्ये ते फोटो छापून आले आणि खळबळ उडाली, कारण रोमन काळातल्या वेंटा आयसिनोरम या गावाचा नकाशाच होता तो. आयसिनी ही तिथली जमात, बूडिका राणीची, जिने इसवी सन ६०-६१ मध्ये रोमनांविरुद्ध बंड करून लंडनसकट तीन शहरं जाळली होती. बंड मोडल्यावर रोमनांनी त्याच जमातीसाठी हे गाव वसवलं.

आता पिकाला कसं कळलं, तर यात जादू काही नाही, तुमच्या नाशिककडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. जिथे पूर्वी उकिरडा होता किंवा जुनी विहीर बुजवली तिथे पीक कसं माजतं, आणि जिथे वीतभर खाली मुरूम लागतो तिथे पाऊस ओढला की पहिलं तेच करपतं, हे त्याला माहीत असतं. तिकडेही तेच. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी खंदक खणला, तो हळूहळू मातीने भरून गेला, की त्या जागी माती खोल आणि ओल धरणारी होते, बार्लीची मुळं मीटरभर खाली जातात, त्यांना तिथे पाणी मिळतं, म्हणून बाकी शेत पिवळं पडलं तरी तेवढा पट्टा हिरवा आणि उंच राहतो. खाली दगडी भिंत किंवा खडीचा रस्ता असेल तर उलटं, माती उथळ, पीक खुरटं आणि लवकर वाळणारं. केस्टरला रस्ते होते म्हणून रेघा फिक्या. याला तिकडे क्रॉपमार्क म्हणतात.

पण हे दरवर्षी दिसत नाही. पाऊस बरा झाला तर सगळंच हिरवं, काही कळत नाही. कोरडं वर्ष हवं, खाली वाळू-खडी नाहीतर खडूचा खडक हवा म्हणजे पाणी झटकन निचरून जातं, पीक गहू-बार्लीसारखं दाट हवं, आणि साधारण जून-जुलैचे कापणीआधीचे काही आठवडे, संपलं. नॉरफोक, म्हणजे नॉरिच-केस्टर ज्या परगण्यात येतात तो, हा इंग्लंडचा त्यातल्या त्यात कोरडा भाग, वर्षाला सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पाऊस, शेतं मोठाली, म्हणून तिथे असले मार्क भरपूर. १९७६ आणि २०१८ च्या दुष्काळी उन्हाळ्यात तर विमानातून फोटो काढणाऱ्यांची दिवाळी झाली. तिकडच्या शेतकऱ्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

मग तुम्हाला मेंढ्याच का दिसल्या? मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक ती विचारतच नाहीत. पिकात खूण दिसते म्हणजे त्या शेतात नांगर चालतो, आणि नांगर चालतो म्हणजे खालची भिंत, जमीन, खापरं दर हंगामात थोडी थोडी खरवडली जातात. म्हणजे जे पीक आपल्याला शहर दाखवतं त्याच्याच पायी ते शहर झिजत असतं. केस्टरची जमीन आता नॉरफोक आर्किऑलॉजिकल ट्रस्टकडे आहे, तिथे पेरणी बंद, नुसतं गवत. गवतात खुणा फार कडक उन्हाळा पडला तरच उमटतात. सो, तुमचा हिरमोड झाला हे कबूल, पण मेंढ्या दिसल्या ही चांगली खबर आहे.

फोटोनंतर १९२९ ते १९३५ तिथे प्रोफेसर डोनाल्ड ॲटकिन्सन यांनी खोदकाम केलं, चौक, स्नानगृह, देवळं सापडली आणि नंतर सगळं परत मातीने झाकलं. बाहेर दिसतो तो तट, आत साधारण १४ हेक्टर जागा. गंमत म्हणजे रस्त्यांचं जाळं तटाच्या बाहेरही जातं, म्हणजे तट नंतरचा आणि आखूड. २००६-०७ च्या सुमारास नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या लोकांनी न खणता, मॅग्नेटोमीटर (चुंबकत्व मोजणारं यंत्र) फिरवून जमिनीखालचं तपासलं, तेव्हा कळलं की गाव वाटलं होतं तितकं गजबजलेलं नव्हतं, आखलेल्या चौकटींत बरीच जागा मोकळीच. आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या प्लॉटसारखं.

आणि शेजारच्या टास नदीत शिशाचा एक पत्रा सापडलाय तो मला फार आवडतो. कोणाची तरी चोरी झाली, त्याने नेपच्यून देवाला लेखी तक्रार केलीय: आरसा, कथलाच्या मिश्रधातूची दहा भांडी, विजारीचा जोड अशी यादी, आणि चोराला धडा शिकव, विजार तू ठेवून घे! इतक्या वर्षांपूर्वीचा कोणीतरी चिडलेला माणूस, पण यादी करायला विसरला नाही.

(नॉरिच लिहिलंत ते बरोबर. बरेच जण स्पेलिंग बघून नॉर्विच म्हणतात.)

प्रश्न : हे म्हणजे ते एलियनवाले क्रॉप सर्कल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही हो. ते पीक आडवं पाडून केलेले गोल, माणसांनीच रात्री फळी आणि दोरी घेऊन केलेले, १९९१ मध्ये डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या दोघा इंग्रजांनी कबूल पण केलं. क्रॉपमार्कमध्ये पीक उभंच असतं, फक्त रंग आणि उंची बदलते. गोल मात्र इथेही खूप असतात, ते कांस्ययुगातल्या थडग्यांभोवतीचे चर, वरचा मातीचा ढीग नांगराने कधीच सपाट झालेला.

प्रश्न : विमानातून असं बघायची आयडिया पहिल्यांदा कोणाला सुचली? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : ठाण्याहून विचारलंत म्हणून आधी हे सांगतो. या विद्येचा पाया ज्याने घातला तो ओ. जी. एस. क्रॉफर्ड १८८६ मध्ये मुंबईत, ब्रीच कँडीला जन्मला, आणि त्याचे वडील ठाण्याला जज्ज होते! आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली, तीन महिन्यांचं पोर बोटीने इंग्लंडला पाठवलं, आत्यांनी वाढवलं. पहिल्या महायुद्धात तो विमानात बसून शत्रूची जमीन न्याहाळायचं काम करायचा, १९२० मध्ये सरकारी नकाशा खात्यात, ऑर्डनन्स सर्व्हेत, पहिला पुरातत्त्व अधिकारी झाला. १९२१ साली एअर फोर्सने काढलेल्या फोटोंवरून त्याने स्टोनहेंजकडे (ते इंग्लंडातलं उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ) जाणाऱ्या प्राचीन वाटेचा हरवलेला भाग ओळखला आणि १९२३ मध्ये खणून खात्री केली. तो म्हणायचा की मांजराला गालिचा दिसतो तसं आपल्याला जमिनीवरून दिसतं, ठिपके दिसतात, नक्षी दिसत नाही.

नुसत्या ज्ञानाने भागत नाही, नशीबही लागतं. १९२५ च्या डिसेंबरात इन्सॉल नावाचा वैमानिक स्टोनहेंजजवळून उडत होता, महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला माणूस, त्याला नांगरलेल्या शेतात पांढुरके ठिपके आणि एक गोल दिसला. पुढच्या उन्हाळ्यात तिथे गहू आला तेव्हा ठिपके स्पष्ट झाले, कनिंग्टन दांपत्याने खणलं तर लाकडी खांबांच्या खड्ड्यांची सहा वर्तुळं, एकात एक. नाव पडलं वुडहेंज. याच इन्सॉलला १९२९ मध्ये केस्टरच्या अगदी जवळ, आर्मिंगहॉलला, तसंच आणखी एक वर्तुळ दिसलं, आत घोड्याच्या नालेच्या आकारात आठ ठिपके. १९३५ मध्ये ग्रॅहम क्लार्क यांनी खणलं, तर प्रत्येक ठिपका म्हणजे जवळपास मीटरभर जाडीच्या ओंडक्याचा खड्डा. रोमनांच्याही कितीतरी आधीचं.

बरं, प्रत्येक रेघ म्हणजे इतिहास नव्हे. पाण्याचे पाइप, उपटलेली कुंपणं, हिमयुगात जमीन गोठून पडलेल्या भेगा, सगळं पिकात उमटतं आणि भले भले फसतात.

प्रश्न : मी नोकरीसाठी नॉरिचला असतो. मेटल डिटेक्टर घेतलाय. वीकेंडला केस्टरच्या मैदानात जाऊन बघू का? (एक वाचक)

उत्तर : अजिबात नको. ते संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय डिटेक्टर नुसता फिरवणं हाच गुन्हा. दुसऱ्या साध्या शेतात जायचं असेल तर मालकाची परवानगी घ्या, लेखी असली तर उत्तम. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू सापडली तर १४ दिवसांत कॉरोनर या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. बाकीच्या खापरं-बकलांसाठी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही नोंदणी योजना आहे, तिथे १५ लाखांहून जास्त वस्तू नोंदल्यात, त्यात नॉरफोकच्या लोकांचा वाटा भरपूर. नोंद करा, लाजू नका, गंजलेला खिळासुद्धा नकाशावर कुठे सापडला त्याला किंमत असते.

एक किस्सा ऐका. शेजारच्या सफोकमध्ये हॉक्सन गावात १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, मित्र डिटेक्टर घेऊन शोधायला गेला आणि रोमन नाण्यांचा ढिगारा लागला. त्याने थोडं काढून हात आवरला आणि कळवलं, म्हणून तज्ज्ञांना पेटीतल्या वस्तू कशा रचल्या होत्या ते जागेवर बघता आलं, नाणीच जवळपास १५ हजार. साडेसतरा लाख पाउंड बक्षीस मिळालं, ते त्याने त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडा पण सापडला, तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

प्रश्न : आपल्याकडे असं का दिसत नाही? (एक शेतकरी वाचक, शिरूर)

उत्तर : काळी माती. ती खोलवर ओल धरते त्यामुळे चर असलेल्या आणि नसलेल्या जागेत फरक कमी पडतो, इंग्लंडातही चिकणमातीच्या भागात हीच रड आहे. शिवाय आपली शेतं लहान, बांधाबांधाला वेगळं पीक. पण तुमच्याकडे दुसरी खूण आहे की, काळी आणि पांढरी! पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी, पिढ्यानपिढ्यांची राख, शेण, पडक्या घरांची माती साचून झालेली. ओसाड टेकाडाला गावातले म्हातारे अजून पांढरी म्हणत असतील तर खाली जुनी वस्ती असू शकते. तुमच्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदकाम करून ताम्रपाषाण काळातली शंभरावर घरं काढली. तुमच्या शेतात अशी पांढरी असेल तर ती माती खत म्हणून उचलून नेऊ देऊ नका, तेवढं बघा.