घरच्या तंबाखूचं मिश्रण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरी लावलेल्या तंबाखूची पानं वाळवून झाली, आता सिगारेटसाठी ती मिसळायची कशी, अशा आशयाची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. ही उत्तरं आधीपासून धूम्रपान करणाऱ्या प्रौढ वाचकांसाठीच आहेत. घरी तंबाखू लावण्याचे आणि त्यावरच्या कराचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते आधी पाहून घ्यावेत.

प्रश्न: माझ्याकडे व्हर्जिनिया, बर्ली आणि थोडं ओरिएंटल असं तीन प्रकारचं पान तयार आहे. सुरुवात कोणत्या प्रमाणाने करावी?

प्रमाणाआधी प्रत्येक पानाचं मिश्रणातलं काम समजून घ्या, म्हणजे पुढे आकडे स्वतःच बदलता येतील.

व्हर्जिनिया भट्टीच्या उष्णतेने वाळवतात. पान पिवळं होताना त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि लगेच वाढवलेल्या उष्णतेमुळे ती पानातच राहते. चांगल्या पानात ती वजनाच्या 10 ते 20 टक्के भरते. धूर त्यामुळे गोडसर आणि आम्लधर्मी होतो. बर्लीचं उलट आहे. ते सावलीत कित्येक आठवडे टांगलेलं असतं, तेवढ्या काळात पानातल्या जिवंत पेशी जवळजवळ सगळी साखर संपवतात. उरतात ती नत्रयुक्त द्रव्यं. म्हणून बर्लीचा धूर अल्कधर्माकडे झुकतो, त्यातलं निकोटिन मोकळ्या रूपात येतं आणि घशाला चटकन जाणवतं. बर्लीचं पान सच्छिद्र असतं, त्यामुळे ते जळतंही नीट. ओरिएंटलची पानं लहान आणि चिकट, उन्हात वाळवलेली. त्यात निकोटिन बहुधा 1 टक्क्याच्या आसपास असतं. ते घालायचं सुगंधासाठी.

पहिलं मिश्रण 20 ग्रॅमचंच करा: व्हर्जिनिया 11 ग्रॅम, बर्ली 6, ओरिएंटल 3. सोबत आणखी दोन डबे भरा. एकात व्हर्जिनिया 13 आणि बर्ली 4, दुसऱ्यात व्हर्जिनिया 9 आणि बर्ली 8. ओरिएंटल दोन्हींत 3 ग्रॅमच. एका वेळी एकच गोष्ट हलवली तरच फरक कशाने पडला ते कळतं. काटा 0.1 ग्रॅम दाखवणारा हवा. चिमटीच्या मापाने केलेलं मिश्रण आवडलं तरी पुन्हा जमत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: पानांचा ओलावा. बर्लीत 18 टक्के पाणी असेल तर 30 ग्रॅममध्ये कोरडं पान 24.6 ग्रॅम येतं. तेच 10 टक्के पाण्याचं असेल तर 27 ग्रॅम येतं. म्हणजे काट्यावर आकडा तोच, पण डब्यात बर्ली जवळपास 9 टक्क्यांनी कमी-जास्त. यावर उपाय सोपा आहे. मधली शीर काढलेली तिन्ही पानं उघड्या कागदी पिशव्यांत घालून एकाच बंद डब्यात 4-5 दिवस ठेवा. हवा एकच असल्याने ओलावा बराचसा सारखा होतो. मगच वजन करा.

आणि पान झाडावर कुठून खुडलं त्याप्रमाणे ढीग वेगळे ठेवलेत ना? तळाची पानं पातळ, सौम्य आणि भराभर जळणारी असतात. शेंड्याकडची जाड आणि कडक असतात, निकोटिनही त्यांत जास्त. फुलाचा शेंडा वेळेवर खुडून फुटवे काढले असतील तर वरची पानं आणखी तेज होतात. एकाच जातीची तळाची आणि वरची पानं म्हणजे मिश्रण करणाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळे तंबाखू. ते आधीच एकत्र झाले असतील तर यंदाचं प्रमाण पुढच्या वर्षी लागू पडणार नाही.

प्रश्न: निव्वळ व्हर्जिनियाची सिगारेट जिभेला झोंबते. बर्ली वाढवली तर घशाला ठसका लागतो. मधला मार्ग काय?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत, हे तुम्ही बरोबर पकडलं आहे.

जीभ झोंबते ती बहुधा साखरेमुळे आणि पाण्यामुळे. साखरेचं पान गरम जळतं. त्यात ओलावा 15 टक्क्यांच्या वर असेल तर धुराबरोबर वाफही येते, आणि सिगारेट ओढता येईना म्हणून झुरके घाईने मारले की उष्णता आणखी वाढते. आधी तंबाखू 12-13 टक्क्यांपर्यंत सुकू द्या. बोटांत दाबल्यावर तो फुलून परत वर यावा. चुरा होऊ नये आणि गोळाही राहू नये. एवढ्यानेच अर्धी तक्रार जाते. मग 15 ते 20 टक्के बर्ली घाला.

घशाचा ठसका मात्र बर्लीच्या कच्चेपणाचा असतो. डबा उघडताच नाकात अमोनियाचा झणका येतो का ते पाहा. येत असेल तर ते पान मुरलेलं नाही. प्रमाण कमी करून तो ठसका कमी होईल, जाणार नाही. पानं मऊ होतील इतपत दमट करून गच्च झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि बरणी 50 अंश सेल्सिअसला 4 ते 6 आठवडे ठेवा. आठवड्यातून एकदा झाकण उघडून वास जाऊ द्या. तेवढी सोय नसेल तर साध्या तापमानाला वर्षभर तरी थांबावं लागतं. 50 अंशांवर बुरशी सहसा धरत नाही, पण 35-40 अंशांवर ओलं पान ठेवलं तर ती हमखास येते. म्हणून थर्मामीटर बरणीशेजारीच हवा.

मुरलेली बर्लीही कोरडी, खरखरीत लागत असेल तर तिला साखरेचं पाणी देतात. 100 ग्रॅम चिरलेल्या बर्लीला 5 ग्रॅम साखर 20 मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून बारीक फवाऱ्याने द्या. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी ट्रेवर पातळ पसरून ओव्हनमध्ये 100 अंशांना 20 ते 30 मिनिटं भाजा, अधूनमधून हलवत राहा. खिडक्या उघड्या ठेवा, कारण या वेळी निघणारा वास तीव्र असतो. भाजताना उरलेला अमोनिया बराचसा उडून जातो, काही भाग साखरेशी मिळून भाजक्या सुवासात बदलतो. पान करकरीत होईल; थोडं पाणी फवारून ते परत मऊ करून घ्या. साखर 5 ग्रॅमच्या वर नेऊ नका. पान चिकट होतं, सिगारेटच्या कागदी नळीत भरताना गोळे धरतात, आणि जळणाऱ्या साखरेतून फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं वाढतात. आमच्या मते ज्याला धीर आहे त्याने साखरेच्या वाटेला जाऊच नये. दोन वर्षं मुरलेल्या बर्लीला तिची गरज भासत नाही.

प्रश्न: सिगारेट मध्येच विझते, नाहीतर एका बाजूने जळत जाते.

एका बाजूने जळणं हा भरण्याचा दोष आहे. नळीत तंबाखू एकीकडे दाटला किंवा शिरेची काडी आत गेली की असं होतं. मधली शीर पूर्ण काढा. तिच्यामुळे पानाचं वजन साधारण पाव भागाने घटतं, त्याचा हिशोब आधीच धरा.

विझण्याचं पहिलं कारण ओलावा. तो बरोबर असूनही विझत असेल तर पानातच खोट असू शकते. तपासणी अशी: प्रत्येक जातीच्या वाळलेल्या पानाचा सपाट तुकडा पेटवा, ज्योत फुंकून विझवा आणि निखारा किती सेकंद टिकतो ते मोजा. एक जात चटकन विझते आणि दुसरी धुमसत राहते, असं दिसलं तर गुन्हेगार सापडला. बहुतेक वेळा त्या झाडांना म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) हे खत दिलेलं असतं किंवा पाणी खारट असतं. त्यांतला क्लोराइड पानात साठतो. तो 2 टक्क्यांच्या पुढे गेला की पान नीट जळत नाही. मुरवून किंवा वाळवून क्लोराइड जात नाही. पुढच्या लागवडीत पोटॅश सल्फेटच्या रूपात द्या. यंदाचं पान मिश्रणात 10-15 टक्क्यांपर्यंतच ठेवा आणि बर्ली थोडी वाढवा.

प्रश्न: व्हर्जिनियाच्या पानांवर हिरवे डाग राहिले आहेत. मिश्रणात झाकले जातील का?

झाकले जाणार नाहीत. हिरवं राहिलेलं पान म्हणजे पिवळं होण्याआधीच मेलेलं पान. स्टार्चची साखर झालेली नाही, हरितद्रव्य तसंच आहे, म्हणून धुराला जळक्या गवताचा कडवट वास येतो. मुरवल्याने धार थोडी बोथट होते, एवढंच. अगदी लहान डाग कात्रीने कापून टाका. अर्ध्याहून जास्त पान हिरवं असेल तर ते बाजूला काढलेलंच बरं.

चूक वाळवताना झालेली असते. पिवळं होण्याच्या टप्प्यात 35 ते 38 अंश तापमान आणि भरपूर दमटपणा लागतो, तोही 2-3 दिवस. पूर्ण पान पिवळं दिसल्याशिवाय उष्णता वाढवायची नाही. मग तासाला साधारण 1 अंश या गतीने 55 अंशांपर्यंत, आणि शेवटी शीर कडकडून मोडेपर्यंत 70 अंश. पहिल्या टप्प्यात घाई केली तर डाग हिरवे राहतात, दुसऱ्यात केली तर पान तपकिरी पडतं.

टाकाऊ पानं आणि शिरा टोमॅटो किंवा मिरचीच्या वाफ्यात टाकू नका. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो आणि त्या झाडांना लागतो.

प्रश्न: पान किती बारीक चिरावं? एका सिगारेटला किती लागतं?

चीर 0.8 ते 1 मिलिमीटर रुंद. त्याहून बारीक केलं तर भुगा होऊन झुरक्याबरोबर तोंडात येतो, जाड केलं तर नळीत पोकळ्या राहतात. चिरताना पान 18 टक्क्यांच्या आसपास दमट हवं. मऊ पानांची घट्ट गुंडाळी करून धारदार सुरीने आडवे काप काढा आणि लगेच बोटांनी मोकळे करा. चाचणीसाठी प्रत्येक जात वेगळी चिरा. प्रमाण पक्कं झालं की पानांचेच थर एकावर एक रचून एकत्र चिरलेलं उत्तम, म्हणजे प्रत्येक चिमटीत सगळ्या जाती येतात.

84 मिलिमीटरच्या फिल्टरवाल्या नळीला साधारण 0.7 ते 0.8 ग्रॅम पुरतो. तुलना करताना सगळ्या सिगारेटी एकाच वजनाच्या भरा. एका बैठकीत दोनच्या वर ओढून पाहू नका. तिसरीपर्यंत जीभ बोथट झालेली असते आणि निकोटिनही विनाकारण अंगात जातं. दोन सिगारेटींच्या मध्ये पाणी प्या. जीभ, घसा, वास आणि राख या चारांची नोंद डब्याच्या चिठ्ठीवर तिथल्या तिथे करा.

प्रश्न: मिसळल्यावर लगेच ओढता येतं का?

येतं, पण तेव्हा तिन्ही पानं वेगवेगळी लागतात. बंद डब्यात किमान 3 दिवस, शक्यतो 3 आठवडे राहू द्या. डब्यात 60 टक्के आर्द्रता असावी. ती 70 च्या पुढे गेली की बुरशीची भीती. पांढरे तंतू किंवा कुबट वास दिसला तर अख्खा डबा फेकायचा. वरचा भाग काढून उरलेला वापरू नये.

प्रश्न: रस्टिका जातीचं पान मिसळून कडकपणा वाढवावा का?

शक्यतो नको. निकोटियाना रस्टिकात निकोटिन 9 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. 20 ग्रॅममध्ये 1 ग्रॅम जास्त पडला तरी मळमळ, घाम आणि चक्कर येऊ शकते. कडकपणा हवाच असेल तर बर्लीच्या वरच्या पानांचं प्रमाण 2-2 टक्क्यांनी वाढवत जा. आणि कोणतंही ओलं, ताजं पान हाताळताना हातमोजे घाला. दव पडलेल्या पानातलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं आणि पानं खुडणाऱ्यांना त्यानेच उलट्या होतात.

प्रश्न: रसायनं न घालता घरी केलेली सिगारेट कमी घातक असते ना?

नाही. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड पान जळल्यामुळे तयार होतात, कारखान्यामुळे नाही. कर्करोगकारक नायट्रोसामाइन तर पान वाळताना आणि मुरताना आपोआप बनतात. पानातल्या नायट्रेटचं सूक्ष्मजंतू नायट्राइट करतात आणि त्याचा निकोटिनसारख्या द्रव्यांशी संयोग होतो. नायट्रेट जास्त असलेल्या बर्लीत हे प्रमाण अधिक असतं, आणि दमट, कोंदट जागी टांगलेल्या पानात आणखी वाढतं. भट्टीत जळणाचा धूर थेट पानांवर येऊ दिला तरी त्यातल्या नायट्रोजन ऑक्साइडमुळे तेच होतं. म्हणून उष्णता नळीतून द्यावी, धूर बाहेर काढावा. बर्ली टांगताना दोन पानांत हवा खेळेल इतकं अंतर ठेवावं आणि आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांत राखावी. नत्राचं खत शेंडा खुडण्याच्या बऱ्याच आधी थांबवावं. एवढं करून नायट्रोसामाइन कमी होतात. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तेवढेच राहतात.