एफडीला हप्ता नसतो

इंदूरच्या सुदामा नगरातून एका कीबोर्डवादकाचं पत्र आलं आहे. वय ३९. लग्नं, लेडीज संगीत, गणेशोत्सव, नवरात्र, मधूनमधून मराठी गाण्यांचे कार्यक्रम असे वर्षाला साधारण ७० शो. शिवाय घरी १२ मुलं शिकायला येतात. त्यांची कमाई महिन्याला सरासरी ४५ हजार. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, तिचे २८ हजार. घरात दोन मुलं आणि सत्तरीतले वडील. सगळा खर्च भागून महिन्याला १५ हजार उरतात.

ते लिहितात: ‘दहा वर्षं रोलंड एक्सपीएस-१० वर काढली. आता खरं वर्कस्टेशन (आवाज, ताल, रेकॉर्डिंग सगळं एकात असलेला कीबोर्ड) घ्यायचं आहे. यामाहा मोंटाज एम ६ चा भाव दुकानदाराने ३ लाख ४० हजार सांगितला. दोन लाखांची एफडी मोडून बाकीचे १ लाख ४० हजार नो-कॉस्ट ईएमआयने भरू, की एफडी तशीच ठेवून सगळेच पैसे ईएमआयने देऊ? दुसरी एक एफडी आहे, तिला मात्र हात लावायचा नाही. तिचा दुसरा हप्ता १ लाख २० हजार २८ मार्चला भरायचा आहे, ते पैसे वेगळे काढून ठेवलेत.’

पत्रातलं हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एफडीला हप्ता नसतो. पैसे एकदा ठेवायचे, मुदत संपली की व्याजासकट उचलायचे, संपला विषय. दरवर्षी हप्ता येतो तो विम्याचा.

पत्रासोबत तुम्ही पाच फोटो पाठवलेत. चार कीबोर्डच्या माहितीपत्रकाचे आणि एक या ‘एफडी’च्या कागदाचा. तो एक फोटो मी मोठा करून वाचला. खालच्या चौकटीत बारीक अक्षरात आहे: हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत २० वर्षे. विमा रक्कम १२ लाख. विसाव्या वर्षी मिळणारी एकूण रक्कम २४ लाख.

मी फोन केला तेव्हा बाकीचं कळलं. मागच्या मार्चमध्ये लग्नाच्या सीझनचे साठलेले पैसे घेऊन तुम्ही एफडी करायला बँकेत गेलात. काउंटरवरच्या साहेबांनी आत बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, ‘एफडी में क्या रखा है सर, इसमें डबल की गॅरंटी है.’ मग असंही सांगितलं, की कंपनीचा कॉल येईल, सगळ्याला हो म्हणा. कॉल आला तेव्हा तुम्ही साउंड चेकला उभे होतात. हो, हो, हो म्हणून फोन ठेवलात. एप्रिलमध्ये कुरिअरने लिफाफा आला तो न फोडता कपाटात गेला. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. ते ३० दिवस त्या कपाटात संपले.

मला राग त्या साहेबांचा आहे. पण तुम्हालाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कीबोर्डबद्दल तुम्ही चौदा मागण्या लिहिल्यात: वजन किती, किती सेकंदांत सुरू होतो, एका वेळी किती स्वर वाजतात, टोन बदलताना आवाज तुटतो का. ३ लाख ४० हजारांच्या वस्तूला चौदा प्रश्न. आणि जिच्यात दहा वर्षांत १२ लाख जाणार, त्या पॉलिसीला एकही नाही. त्यातले दोन तरी प्रश्न आपण आता विचारू.

‘डबल’ म्हणजे किती टक्के? दहा वर्षं दरवर्षी १ लाख २० हजार, म्हणजे १२ लाख. विसाव्या वर्षी २४ लाख. पहिला हप्ता त्यांच्याकडे वीस वर्षं राहतो, दहावा अकरा, म्हणजे पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसा किती टक्क्यांनी दुप्पट होतो ते काढायची ढोबळ युक्ती म्हणजे ७२ ला वर्षांनी भागायचं. साडेपंधराने भागा: साधारण ४.६ टक्के. बँकेची साधी एफडीही यापेक्षा जास्त देते, आणि तुम्ही गेला होतात ती करायलाच. हेच हप्ते पीपीएफमध्ये गेले असते तर आजच्या ७.१ टक्क्यांनी विसाव्या वर्षी ३५ लाखांच्या घरात असते. ११ लाखांचा फरक.

विमा किती? १२ लाख. तुमच्या मागे पत्नी, दोन मुलं आणि वडील आहेत. दोघांची मिळून वर्षाची कमाई पावणेनऊ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे १२ लाख दीड वर्षही पुरणार नाहीत. तुमच्या वयाला एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वर्षाला वीस हजारांच्या आसपास मिळतो. तंबाखू खात असाल तर जास्त पडेल, पण फॉर्मवर खरं लिहा.

आता तुम्ही म्हणाल, पहिला हप्ता तर गेला, मग सोडून कसं चालेल? म्हणून हिशोब मुद्दाम कठोर करतो. पहिल्या १ लाख २० हजारांतला एक रुपयाही परत आला नाही असं धरा. उरलेले नऊ हप्ते पॉलिसीऐवजी पीपीएफमध्ये टाका आणि त्याच तारखेपर्यंत ठेवा. साधारण ३० लाख होतात. पॉलिसीत सगळं इमानेइतबारे भरलंत तरी २४. पहिला हप्ता पाण्यात गेला असं मानूनसुद्धा बाहेर पडणंच फायद्याचं आहे.

आणि तो पूर्णपणे जाणारही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी अशा पॉलिसीत पूर्ण वर्षाचा हप्ता भरून वर्ष उलटलं की काही रक्कम परत मिळते. पूर्वी दोन हप्ते भरल्याशिवाय काहीच हाती लागत नसे. नेमकी किती, हे विमा कंपनीकडून लेखी मागवा. बँकेतल्या साहेबांच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. ते आधी ‘अजून एक हप्ता भरा, मग जास्त मिळेल’ असंच सांगतील. त्या एका हप्त्यावर त्यांचं कमिशन आहे.

सोबत तक्रारही करा. पहिलं पत्र विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, प्रत बँकेला. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर भोपाळला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड त्यांच्याच कक्षेत येतात. फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंद करता येते. सगळे पैसे परत मिळतीलच असं वचन मी देत नाही. त्या कॉलवरचे तुमचे ‘हो’ त्यांच्याकडे रेकॉर्ड आहेत. पण अशी विक्री मुकाट्याने गिळू नये.

एक काळजी घ्या: टर्म पॉलिसी मंजूर होऊन हातात आल्याशिवाय ही सोडू नका. २८ मार्चनंतरही वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात मेडिकल वगैरे उरकतं.

आता कीबोर्ड. मी स्वतः पंधरा वर्षं हौशी ऑर्केस्ट्रात वाजवलं आहे, त्यामुळे तुमची चौदा कलमांची यादी मन लावून वाचली. ७६ कीज हव्यात पण वजन दहा किलोच्या आत. आफ्टरटच (दाबलेली की आणखी दाबून आवाजात बदल करण्याची सोय) हवा. मोठा टच स्क्रीन, सोळा ट्रॅकचा सिक्वेन्सर (वाजवलेलं थरावर थर नोंदवून ठेवणारा), स्वतः रेकॉर्ड केलेली ढोलक आणि सनई भरायला जागा, गाणं चालू असताना टोन बदलला तर आवाज तुटायला नको, आणि बटण दाबताच तयार. यातली प्रत्येक मागणी रास्त आहे. पण सगळ्या एका खोक्यात आजवर कोणी बसवल्या नाहीत, कारण त्या एकमेकींच्या आड येतात.

या स्वप्नाची सुरुवात १९८८ च्या कॉर्ग एम१ पासून. आवाज, इफेक्ट, ड्रम आणि आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर, सगळं एकाच वाद्यात. पुढे २०११ मध्ये कॉर्गने क्रोनॉस आणला. पोटात चक्क कॉम्प्युटर, नऊ प्रकारची ध्वनी-इंजिनं, पियानोचे भले मोठे सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचे रेकॉर्ड केलेले आवाज, थेट एसएसडीवरून वाजणारे. आवाज अप्रतिम, पण बटण दाबल्यावर तयार व्हायला दोनेक मिनिटं. नंतरच्या नॉटिलसला आधी आफ्टरटच नव्हता, तो २०२३ मध्ये वेगळ्या मॉडेलात आला. यामाहाच्या मोटिफ एक्सएफमध्ये पूर्ण सिक्वेन्सर होता. २०१६ च्या मोंटाजमध्ये आवाजाची ताकद वाढली आणि तसा सिक्वेन्सर गेला, त्यावर जुने वादक बरेच नाराज झाले. एक देतात तेव्हा दुसरं काढतात. फक्त इथे काय काढलं ते माहितीपत्रकात छापलेलं असतं.

त्यामुळे यादी तुमच्या कामाच्या हिशोबाने लावा. घरी तुम्ही लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करता, म्हणजे सिक्वेन्सरसाठी पैसे मोजायची गरज नाही. आफ्टरटच एक्सपीएसला नव्हताच, दहा वर्षं अडलं नाही. पण सुरू होण्याचा वेळ मात्र फार मोठी गोष्ट आहे. एका गणेशोत्सवात अंतऱ्याच्या मध्यावर आमचे दिवे गेले. जनरेटर अर्ध्या मिनिटात लागला, पण कीबोर्डच्या स्क्रीनवर लोडिंगची पट्टी सरकत होती. गायिका माईक धरून उभी, समोर सातशे माणसं. ढोलकवाल्याने एकट्याने ठेका धरून तो वेळ काढला. ती पट्टी आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. सहाशे रुपयांच्या एक्स्टेंशन बोर्डाऐवजी छोटा यूपीएस ठेवायला मी त्या रात्री शिकलो.

दुसरी गोष्ट वजनाची. एक्सपीएस-१० चार किलोचा, स्कूटरवर पायाशी मावतो. मोंटाज एम ६ पंधरा किलोच्या आसपास, वर हार्ड केस. तो स्कूटरवर जाणार नाही. एका शोला जाण्या-येण्याच्या गाडीचे ४०० धरा: ७० शोंचे २८ हजार, दरवर्षी. हा खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही.

उत्पन्नाचा तुमचा अंदाज तर मला अजिबात पटलेला नाही. तुम्ही लिहिता, मोंटाज असला की शोचे ३,५०० चे ६,००० होतील, दोन वर्षांत पैसे वसूल. कोणत्या आयोजकाने असं कबूल केलं आहे? लग्नात मानधन ठरतं ते गायकावर, तारखेवर आणि ओळखीवर. चांगल्या टोनमुळे शोमागे ५०० वाढले तरी खूप झालं. ७० शोंचे ३५ हजार. त्यातले २८ हजार गाडीत गेले तर ३ लाख ४० हजार कधीच वसूल होत नाहीत.

त्याच घराण्यातला मोडएक्स बघा. आवाजाची जात तीच, ६१ कीजचं वजन ६.६ किलो, स्वतःचे सॅम्पल भरायला जागा आहे. आफ्टरटच नाही, बांधणी प्लास्टिकची, आवाज न तुटता टोन बदलणं चार पार्टपर्यंतच (पार्ट म्हणजे एकत्र वाजणारे आवाजाचे थर). वीज बाहेरच्या अडॅप्टरवर चालते, म्हणून एक जादा अडॅप्टर पिशवीत हवाच. भाव मोंटाजच्या निम्म्याहून कमी. १ लाख ४० हजार धरा, एक्सपीएस विकून २० हजार आले तर राहिले १ लाख २० हजार.

हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे. २८ मार्चसाठी वेगळे काढून ठेवलेत तेवढेच.

ते पैसे यंदा कीबोर्डला वापरा. एफडी मोडायची नाही आणि ईएमआय घ्यायचा नाही. आषाढ-श्रावणात लग्नं बंद असतात, हप्ता मात्र त्याही महिन्यांत येतो, आणि नो-कॉस्ट म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, रोखीची सूट जाते ती वेगळी. ती दोन लाखांची खरी एफडी तुमच्या घरातली एकमेव शिल्लक आहे, तिला खरोखर हात लावू नका. वर्षभरात उरणाऱ्या १ लाख ८० हजारांतले कीबोर्डचे १ लाख २० हजार गेल्यावर ६० हजार राहतात. त्यात टर्मचे वीस हजार आणि तुम्हा चौघांचा मेडिक्लेम बसतो. पत्रात मेडिक्लेमचा उल्लेखच नाही, म्हणजे तो नसावा. वडिलांसाठी स्वतंत्र पॉलिसीची चौकशी करा, सत्तरीत ती महाग पडेल, तरीही.

पीपीएफ पुढच्या वर्षीपासून. म्हणजे यंदा शून्य आणि पुढे आठच हप्ते. त्याच तारखेला साधारण २६ लाख होतात. यंदाच्या हप्त्याचा कीबोर्ड वाजवूनसुद्धा त्या ‘डबल’पेक्षा दोन लाख जास्त.

दुकानात जाल तेव्हा स्वतःचे ढोलकचे सॅम्पल पेनड्राइव्हवर न्या. भरून बघा, वाजत असताना टोन बदलून बघा, बटण बंद करून पुन्हा चालू करा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. पण त्याआधी तक्रारीचं पत्र लिहायला बसा. कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर, कोणाच्या तोंडून ‘एफडी’ हा शब्द ऐकलात ते आठवेल तसं सगळं लिहा, आणि पाठवण्यापूर्वी मसुदा मला दाखवा.